चव घेतली, चांगली आहे, सही

प्राथमिक शाळेचा दर्जा तपासण्याचे अधिकार कोणाकोणाला आहेत, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. शिक्षण खात्याच्या एका तालुका कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात माझी हयात गेली. निवृत्त झालो, तरी सकाळच्या चहाबरोबर आज कोणता जी.आर. पडला हे संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. एवढं सगळं वाचून सांगतो, की शाळेची खरी तपासणी करणारी यंत्रणा एकाही जी.आर.मध्ये नाही. ती शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर गुलमोहराखाली उभी असते. तिला मानधन नाही आणि तिचा अहवाल कोणी मागवत नाही.

हे फाटक नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या एका इंग्रजी शाळेचं आहे. नाव सांगत नाही; नात अजून तिथेच आहे.

मंडळाचे कायम सदस्य चौघे. पहिले अण्णा, नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त. आयुष्यभर नोटा छापल्या, बाहेर पडताना रोज झडती दिली, आणि आता पेन्शन नातवाच्या फीत जाते. 'मीच छापलेल्या नोटा मलाच मोजून द्याव्या लागतात,' ही त्यांची तक्रार रास्त आहे. दुसरे सुभेदारसाहेब, देवळालीच्या तोफखान्यातले. कान तोफांनी नेले, त्यामुळे शाळेबद्दलचं त्यांचं मत निव्वळ डोळ्यांनी बनतं. रांग सरळ असली की शाळा उत्तम. तिसऱ्या पंचवटीच्या आजी. नातू फाटकाबाहेर आला की त्याला जवळ घेण्याआधी त्या त्याचा डबा उघडतात. पोळी-भाजी जशीच्या तशी असली, की त्या दिवशी शाळा नापास. 'एवढ्या पोरांत एक पोर उपाशी राहतं आणि बाईच्या नजरेला पडत नाही, म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर शाळेने परदेशातून आणलेल्या अभ्यासक्रमात अजून आलेलं नाही. चौथा मी. कोणतीही चर्चा रंगात आली की 'याबाबत शासनाचं परिपत्रक असं आहे की...' म्हणून तिच्यावर पाणी ओतणं, हे माझं काम.

रिक्षावाले काका हे निमंत्रित सदस्य, आणि खरं तर त्यांचंच मत अंतिम. कोणत्या वर्गात पोरं भीतीने गप्प बसतात आणि कोणत्या वर्गात ऐकावंसं वाटतं म्हणून, हे त्यांना पोरं रिक्षात चढतानाच कळतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा म्हणाले, 'दुसरी ब-ला नव्या मॅडम आल्यात. चांगल्या आहेत.'

'कशावरून?'

'पोरं रिक्षात शाळा-शाळा खेळतात ना. मॅडम कोण होणार यावरून आता भांडतात. मागच्या मॅडमच्या वेळी कोणी मॅडम व्हायलाच तयार नसायचं.'

नोकरीत असताना शाळा तपासणीचे किती नमुने मी छापून घेतले, मोजदाद नाही. हा रकाना एकातही नव्हता.

ही शाळा निवडली कशी, ते सांगायला हवं. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही आयटीतली, त्यामुळे आधी एक्सेल शीट झाली. मग एका शनिवारी आम्ही सगळे शाळा पाहायला निघालो. निघताना सूनबाईंनी बजावलं, 'बाबा, तिथे जी.आर. काढायचा नाही.' मी शब्द दिला.

पहिल्याच शाळेत घोडा होता. गुळगुळीत, तपकिरी, पालकांकडे अजिबात न पाहणारा. तो सर्वांगीण विकासासाठी आहे, असं आम्हाला फिरवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. त्यावर बसायला पाचवीपासून मिळतं. पहिली ते चौथी फक्त बघायचा. दुसऱ्या शाळेत पोहण्याचा तलाव होता, दुरुस्तीसाठी रिकामा. तिसऱ्या शाळेत प्रत्येक वर्गात कॅमेरा, आणि पालकांना घरबसल्या मोबाईलवर वर्ग दिसण्याची सोय. सूनबाईंना ती फार आवडली, आणि प्रवेश झाला तोही तिथेच. पहिला महिना त्यांनी ऑफिसात बसून वर्ग पाहिला. आवाज येत नाही. वरून नुसते भांग दिसतात. संध्याकाळी त्या काळजीने सांगायच्या, 'आज चौथ्या तासाला ती सारखं नाक चोळत होती.' नात म्हणायची, 'ती मी नव्हते, ती दुसरी होती.'

या तिसऱ्या शाळेत मी फक्त एकच प्रश्न विचारला. 'मुतारी कुठंय?' चिरंजीवांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मलाच जायचंय. पण हा प्रश्न माझा नव्हे, सरकारचा आहे. मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आहे काय. असल्यास पाणी आहे काय. पाणी असल्यास कुलूप का आहे. कुलूप असल्यास किल्ली कोणाकडे. नोकरीत मी हे रकाने भरून घेत असे, आणि कोणत्याही घोड्यापेक्षा यातून शाळा जास्त कळते. मॅडमनी आम्हाला नेलं. स्वच्छ होतं, पाणी होतं, आणि दाराशी एका स्टुलावर एक मावशी बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत, कारण त्यांच्या मांडीवर एक पोर होतं आणि त्या त्याच्या बुटाच्या लेसची गाठ दातांनी सोडवत होत्या. माहितीपत्रकात घोड्यांचे, तलावांचे, संचालकांचे फोटो असतात, दातांनी गाठ सोडवणाऱ्या मावशीचा नसतो. मी मनात त्याच शाळेवर टिकमार्क केला. चिरंजीवांनी कॅमेऱ्यामुळे केला. एकमत झालं, कारणं विचारली नाहीत म्हणून.

मग मुलाखत. वास्तविक कलम 13 प्रमाणे शाळा प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला बंदी आहे. पहिल्यांदा 25,000 रुपये दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000. म्हणून कोणी मुलाखत घेत नाही. 'इंटरॅक्शन' घेतात. एका छान रंगीत खोलीत, नातीच्या उंचीच्या टेबलाशी, एका मॅडमनी तिला द्राक्षांच्या घडाचं चित्र दाखवलं. 'बेबी, व्हॉट इज धिस?'

सूनबाईंचं माहेर पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं. नातीचं निम्मं बालपण द्राक्षाच्या बागेत. तिने चित्राकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, 'थॉमसन.'

'नो बेबी, इट स्टार्ट्स विथ जी.'

'थॉमसनच आहे,' नात म्हणाली. 'पण फुगवण कमी झालीये.'

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. सूनबाईंनी घाईघाईने सांगितलं की तिला ग्रेप्स येतं, एबीसीडी येते, रंग येतात, ट्विंकल ट्विंकल येतं. नात मात्र त्या चित्रावरून हलायला तयार नव्हती. अशा मालाला निर्यातीचा भाव मिळत नाही, एवढं तिला आजोळच्या आजोबांकडून कळलं होतं.

अशा वेळी मला याच जिल्ह्यातल्या, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याची आठवण येते. तिथला गोपाळ नावाचा मुलगा बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखीशिवाय होता. 1875 मध्ये बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घ्यायला भाऊबंदांतली मुलं बोलावली. प्रत्येकाला विचारलं, इथे कशासाठी आलास? बाकीच्यांची उत्तरं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. गोपाळ म्हणाला, राज्य करायला. आख्यायिका अशी आहे, आणि जगात घेतल्या गेलेल्या प्रवेशाच्या मुलाखतींत हिच्या इतकी यशस्वी दुसरी माझ्या ऐकिवात नाही. पुढे हेच सयाजीराव गायकवाड. अक्षरं उशिरा गिरवली, पण 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड. आज गंगापूर रोडला हा बारा वर्षांचा मुलगा आला असता, तर त्याला 'पालकांनी घरी तयारी करून घ्यावी आणि पुढच्या वर्षी यावं' असं सांगितलं असतं. पुढच्या वर्षी फी वाढलेली असती, हे वेगळं.

फीबद्दल फार बोलत नाही. राज्याचा फी नियंत्रण कायदा आहे, 2011 चा. त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर पालक सोडत काढून निवडतात आणि ती समिती फीला मंजुरी देते. आमच्या चिरंजीवांचं नाव सोडतीत निघालं. ते बैठकीला गेले, चांगलं सँडविच होतं म्हणाले, सही करून आले.

दुसरी सोडत जास्त रोचक. खासगी शाळेत पहिल्या प्रवेशवर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना, त्यांची फी सरकार शाळेला देणार. आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलाचा अर्ज मी भरून दिला, कारण अर्ज भरणे हे माझ्या आयुष्यातलं एकमेव क्रीडानैपुण्य. त्यात घराची जागा नकाशावर टाचणी टोचून दाखवावी लागते, म्हणजे एक किलोमीटरच्या आतल्या शाळा दिसतात. माझी टाचणी पहिल्यांदा गोदावरीत पडली. संगणकाने तक्रार केली नाही. नदीपात्रातल्या मुलासाठी त्याने शाळांची यादी आपुलकीने दाखवली. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला, की जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवायला नकोत. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या काळात वॉचमनची बायको रोज विचारायची, 'भाऊ, लागला का नंबर?' लागला. त्याच शाळेत. आता तिचा मुलगा आणि माझी नात एका वर्गात आहेत, आणि त्याला घोड्यावर बसायचंय. आपल्या शाळेला घोडा नाही, तो त्या दुसऱ्या शाळेत होता, हे नातीने त्याला समजावलं. तेव्हापासून त्याचं मत असं, की आपली शाळा तितकीशी चांगली नाही.

सरकारी शाळांचं म्हणाल, तर त्यांच्या दर्जासाठी मंत्रालयात जेवढी जागरणं होतात तेवढी परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी करत नाही. 2015 मध्ये ठरलं, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. मग 2023 मध्ये दप्तर हलकं करण्यासाठी पुस्तकाचे चार भाग केले आणि वहीची गरज पडू नये म्हणून पुस्तकातच कोरी पानं घातली. मुलं वही आणतच राहिली; जानेवारी 2025 मध्ये कोरी पानं काढली. कोऱ्या पानालाही वजन असतं हे कळायला दोन वर्षं म्हणजे खात्याच्या मानाने झटपटच. 2016 च्या नोव्हेंबरात जी.आर. निघाला होता, की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून पाठवायची, म्हणजे गैरहजेरी उघडकीस येईल. गैरहजर विद्यार्थ्याचा फोटो कसा काढावा, याबाबत वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवण्याचा मसुदा माझ्या डोक्यात तयार होता. तेवढ्यात नव्या वर्षात ती सेल्फीच स्थगित झाली. 2024 मध्ये राज्यभर एकच गणवेश, कापड मध्यवर्ती, शिलाई बचत गटांकडे. कित्येक गावांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचला नाही, आणि पोचला तिथे पहिलीच्या मुलाला चौथीपर्यंत पुरेल असा. डिसेंबरात अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे.

याच 2024 च्या फेब्रुवारीत आणखी एक परिपत्रक: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी झाली पाहिजे. नाशिकच्या जानेवारीत सहा वाजता बंद गळ्याच्या स्वेटरात अर्धवट झोपलेलं पोर कोंबलेल्या कोणालाही यावर वाद घालता येणार नाही. फाटकाबाहेर आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. पण बस दोन खेपा करते, इमारतीत दुपारी मोठे वर्ग असतात, आई-बापांना साडेआठला अंबडच्या कंपनीत पोचायचं असतं. झोपेच्या बाजूने सगळे, नऊच्या बाजूने कोणी नाही. आणि ज्यांच्या झोपेसाठी हे चाललं होतं, ती मंडळी रविवारी पावणेसहाला उठून 'आजोबा, उठा' करतात.

आता महापालिकेच्या शाळेबद्दल. आमच्या भागात एक आहे, चालत पाच मिनिटांवर, आणि आमच्या इमारतीतल्या बहुतेकांना ती आतून चांगली माहीत आहे. मतदान केंद्र तिथेच असतं. 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या मतदानाला, मी रांगेत उभा होतो. पुढे-मागे गंगापूर रोडचे सुशिक्षित मतदार. भिंतीवर शब्दपट्ट्या, बाराखडीचा वेल, दोरीला टांगलेली पानांची ठसेचित्रं, खिडकीच्या कट्ट्यावर दह्याच्या डब्यांत रुजवलेली मेथी आणि प्रत्येक डब्यावर मुलाचं नाव. एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, 'अय्या, किती छान आहे! आपल्या लक्षातच नाही आलं कधी.' नवरा म्हणाला, 'पाच वर्षांपूर्वीही तू हेच म्हणालीस.' खोलीत टेबलामागे बसलेल्या बाई कुठल्यातरी शाळेच्या शिक्षिकाच. त्यांनी माझं बोट धरलं, नखावर शाई ओढली, आणि सवयीने म्हणाल्या, 'हां, आता हलवू नका, वाळू द्या.' त्या दोन सेकंदांत मला कळलं, या शिकवायला चांगल्या असणार.

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढ्या तीन कामांना कायदा शिक्षकाला वर्गाबाहेर जाऊ देतो. बाकीच्या कामांसाठी त्याला बाहेर जायची गरजच नाही. ती मोबाईलवर येतात. सरल, शालार्थ, यू-डायस ही खात्याची पोर्टलं. माहिती तातडीने भरा, काल संध्याकाळपर्यंत. मी स्वतः ती पत्रं रंगवलेली आहेत, त्यामुळे हसतो ते थोडं जपूनच.

पण शाळेत मुलाची काळजी घेतली जाते का, याचं सगळ्यात गंभीर दप्तर कोणतं असेल तर ते खिचडीचं. 15 ऑगस्ट 1995 ला मध्यान्ह भोजन योजना आली तेव्हा आधी शिजवलेलं अन्न नव्हतंच. हजेरी नीट असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. पोतं, तराजू, आणि रांगेत पिशवी धरून उभं असलेलं पोर. न्यायालयाने 2001 मध्ये सांगितलं, शिजवून द्या. आता प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, आणि सगळ्या जेवणातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं. जून 2024 मध्ये पंधरा पाककृतींचा जी.आर. आला: मटार पुलाव, चवळी खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व. तो वाचताना मला पहिल्यांदाच जी.आर. वाचून भूक लागली. अंड्याची कथा थोडी करुण. 2023 च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये पैसे थांबले आणि अंडी लोकसहभागातून मिळवा असं ठरलं. म्हणजे घालणारी कोंबडी आणि सहभागी होणारे लोक, दोन्ही शाळेनेच शोधायचे.

या खिचडीची एक नोंदवही असते. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खाऊन पाहायचं आणि शेरा लिहायचा. माझ्या टेबलावर अशा वह्यांचे गठ्ठे यायचे. पान उलटा, महिना उलटा, सगळीकडे तेच: 'चव घेतली. चांगली आहे. सही.' वरणाचा डाग, खाली तारीख. एका डोंगरातल्या शाळेच्या गुरुजींनी एकदा प्रामाणिकपणे लिहिलं, 'मीठ कमी.' वरून त्यांचा खुलासा मागवला: मीठ कमी असल्याचे निदर्शनास आल्यावर आपण कोणती कार्यवाही केली? गुरुजींनी उत्तर दिलं, 'मीठ घातले.' त्यावर पुन्हा पत्र: घातलेल्या मिठाचे प्रमाण व खर्चाचे शीर्ष कळवावे. त्यानंतर त्या शाळेत कायम चव चांगली. हे उत्तर जावक करताना मी शिक्का मारला होता, त्यामुळे गोष्ट ऐकीव नाही.

तरी त्या वहीवर माझा जीव आहे. मुलांच्या आधी एका मोठ्या माणसाने तेच अन्न खावं, ही कल्पना ज्या कोणा कारकुनाला सुचली त्याला मी भेटू इच्छितो. गंगापूर रोडच्या कॅन्टीनमध्ये अशी वही नाही. विचारलं तर म्हणाले, 'आमच्याकडे न्यूट्रिशनिस्ट आहेत.' त्या खातात का? 'त्या प्लॅन करतात.'

मग हिवाळीचा व्हिडिओ आला. त्र्यंबकेश्वर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक केशव गावित. शाळा वर्षाचे 365 दिवस आणि दिवसाचे बारा तास. मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळं लिहितात, हजाराच्या पुढचे पाढे म्हणतात, संविधानाची कलमं सांगतात. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर हा व्हिडिओ आधी शुभ सकाळच्या फुलांमध्ये हरवला आणि मग एकदम पेटला. आमची मुलं फीत लाख-लाख ओतून घेणारी, आणि सातापुढचा पाढा आला की पाण्याची बाटली शोधणारी. ठरलं, बघून यायचं. रविवारीच, कारण रविवारी उघडी असणारी तेवढीच शाळा. त्र्यंबकेश्वरचं दर्शनही होईल आणि येताना मिसळ.

जे ऐकलं होतं ते खरं निघालं, त्यामुळे परतीच्या गाडीत शांतता होती. मग शेजारच्या एका बांधकाम व्यावसायिकाने विचारलं, 'हीच पद्धत ब्रँड करून गंगापूर रोडला आणली तर? जागा माझ्याकडे आहे.' बारा तास मुलांबरोबर राहणारा माणूस कुठून आणणार, असं मी विचारलं. 'दोन शिफ्ट लावू,' तो म्हणाला.

माझ्यापुरतं सांगतो, मला पाढ्यांचं फार अप्रूप नाही. हजाराच्या पुढचा पाढा आयुष्यात कधी लागला तर मोबाईल आहे. पण अंधार पडेपर्यंत दार उघडं ठेवणारा मास्तर, आणि सुट्टीच्या दिवशीही तिकडेच पळणारी पोरं, यावर माझ्या कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता. असाच वेगळ्या वाटेचा प्रयोग शहरात आनंद निकेतन या शाळेने मराठी माध्यमात चालवला, तोही घोड्याशिवाय. आमच्या इमारतीने यातून एवढाच बोध घेतला, की गच्चीवर दोन्ही हातांनी लिहिण्याचा क्लास निघाला. बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा दोन महिन्यांत दोन्ही हातांनी लिहू लागला. आता त्याचं अक्षर दोन्ही हातांचं कळत नाही.

परवा नातीच्या शाळेकडून एक फॉर्म आला. पालकांचा अभिप्राय, मोबाईलवर, प्रत्येक बाबीला एक ते पाच तारे. शिक्षणाचा दर्जा, काळजी व सुरक्षितता, सुविधा, वाहतूक. रात्री जेवणं झाल्यावर सगळे बसलो. चिरंजीव म्हणाले, सरसकट चार देऊ, पाच दिले की फी वाढवतात. सूनबाई म्हणाल्या, कॅमेऱ्याला आवाज नाही, सुविधांना तीन. मी पंचवटीच्या आजींचं डब्याचं मत नोंदवावं असं सुचवलं, रकाना नव्हता. नात म्हणाली, 'मावशीला किती द्यायचे?' मावशीचाही रकाना नव्हता. मग 'काळजी' हा रकाना तिला मावशीचा म्हणून दाखवला, आणि तिने बोट दाबून धरलं. पाचापुढे तारे उमटेनात तेव्हा ती फोनवर रागावली. 'एवढेच आहेत?' शिक्षणाच्या दर्जाला तिने दोन दिले. आम्ही चमकलो. कारण विचारलं तर कळलं, की गेल्या आठवड्यात वर्गात ग्रेप्सचा धडा झाला होता.

सगळं भरून झालं, तरी फॉर्म जाईना. वाहतुकीचे तारे राहिले होते. आम्ही स्कूटरने जातो, बस वापरत नाही, असं लिहायला जागा नव्हती. रकाना भरल्याशिवाय बटण हिरवं होत नव्हतं. साडेदहा वाजले होते. चिरंजीवांनी न पाहिलेल्या बसला पाच तारे ठोकले आणि फॉर्म गेला.

महिन्याभराने फाटकावर फलक लागला: पालकांची सर्वाधिक पसंती आमच्या वाहतूक सेवेला. रिक्षावाल्या काकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, सुभेदारसाहेबांसाठी दोनदा. अण्णांनी विचारलं, 'आपल्यात कोणाचं पोर बसने येतं?' कोणाचंच येत नव्हतं. नवीन सत्रापासून बसचे दर वाढवल्याचं पत्र त्याच दिवशी मुलांच्या डायरीत चिकटवलेलं होतं.